मातीची चिलीम कशी ओळखावी



गेल्या हनुक्काच्या दिवसांत आमच्या फोनवर एक चित्र आले. हातभर खोल खणलेल्या चराच्या कडेला लालसर मातीचा एक लहानसा तुकडा पडलेला. एका बाजूला वाटीसारखा खोलगट, दुसऱ्या बाजूला वाकडी मान आणि मानेच्या टोकाला भोक. खाली ओळ होती : "काका, ही चिलीम का हो? आमच्या आजोबांकडे होती तसली?"

पाठविणारा मुलगा आमच्या रेवदंड्याच्या जुन्या शेजाऱ्यांचा नातू. तो सौदी अरेबियात तांबड्या समुद्राच्या काठी, यान्बूच्या उत्तरेस बांधकामावर आहे. त्याने चित्र ठाण्याला आमच्या बहिणीकडे पाठविले आणि बहिणीने आमच्याकडे. त्याचे आजोबा आणि आमचे वडील एकाच आळीत राहात. आमचा तेलाचा घाणा होता. दुपारी घाण्याचा बैल सोडला की ओट्यावर चार माणसे बसत आणि चिलीम हातोहात फिरे. शुक्रवारी दिवेलागणीला शब्बाथ लागला की आमच्याकडची चिलीम विझे आणि वडील पुढची पूर्ण रात्र आणि पुढचा पूर्ण दिवस तिला शिवत नसत. शनिवारी तारे दिसले की शेजारचे आजोबाच निखारा घेऊन येत.

तेव्हा प्रश्न आमच्या ओळखीचा होता. आम्ही ताबडतोब उत्तर पाठविले, "होय, चिलीमच." मग चष्मा लावून नीट पाहिले आणि दुसरे उत्तर पाठविले, "चिलीम खरी, पण आपल्या ओट्यावरची नव्हे." ही दुसरी ओळ का लिहिली ते या लेखात सांगावयाचे आहे. अशा वस्तू तांबड्या समुद्राच्या काठी सापडतात तशा इथे आपल्या इस्राएलातही सापडतात. याफो, अक्को, यरुशलाइम येथे तुर्की काळाच्या थरांत त्या निघतातच. आपल्या नातवंडांपैकी एखाद्याच्या हाती उद्या असा तुकडा आला, तर काय पाहावे आणि काय करावे हे वडीलधाऱ्यांना ठाऊक असावे.

चार प्रकार

मातीची धूम्रपानाची साधने जुन्या जागी सापडतात ती मुख्यतः चार प्रकारची असतात.

पहिली आपली देशी चिलीम. ती सरळ असते, वर रुंद आणि खाली निमुळती, धोतऱ्याच्या फुलासारखी. तिला मान वाकलेली नसते. आत खडा टाकायचा, म्हणजे तंबाखू खाली उतरत नाही आणि वाट मोकळी राहते. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी लावायची आणि मुठीतून ओढायचे. तिला वेगळी दांडी नाही.

दुसरी गुडगुडीवरची किंवा हुक्क्यावरची चिलीम. तीही सरळ असते, पण आकाराने मोठी आणि वर पसरट, कारण तिच्यावर निखारे ठेवायचे असतात. खालचे भोक रुंद असते, कारण ती पाण्याच्या भांड्याच्या नळीवर घट्ट बसवायची असते.

तिसरी तुर्की चिबूक. हिचे तीन भाग असतात. तंबाखू भरायची मातीची वाटी, तिच्यात खोचलेली लाकडी दांडी आणि दांडीच्या टोकाला तोंडात धरायचा तुकडा. दांडी बहुधा चेरीच्या किंवा जाईच्या लाकडाची असे आणि श्रीमंताकडे तोंडाचा तुकडा अंबराचा असे. लाकूड कुजून जाते, अंबर कोणीतरी काढून नेतो, मागे राहते ती मातीची वाटी. तिची मान वाटीला काटकोनात किंवा थोडी तिरपी जोडलेली असते. शेजाऱ्यांच्या नातवाने पाठविलेल्या चित्रात ही तिसरी होती.

चौथा प्रकार युरोपी. इंग्लंडात आणि हॉलंडात पांढऱ्या चिकणमातीची चिलीम करीत. तिची वाटी आणि लांब बारीक दांडी एकाच मातीची, एकसंध असते. ती फार नाजूक, टकदिशी मोडते. म्हणून सापडतात ते दांडीचे खडूसारखे तुकडे. हॉलंडातील गौडा हे गाव या धंद्यासाठी नावाजलेले होते. जिथे इंग्रजांच्या किंवा डचांच्या वखारी होत्या, तिथे पांढरे तुकडे पाहिले की हे आठवावे.

आता फसगत कुठे होते तेही सांगतो. चिबुकीची मोडकी मान ही सुरईच्या तोटीसारखी दिसते. मोडकी वाटी पणतीसारखी दिसते. लहान मुलाला ती भोवरा किंवा शिट्टी वाटते. खूण अशी : वाटीच्या तळाशी, मानेच्या बाजूला, धूर जाण्यासाठी लहानसे भोक पाडलेले असते. वाटीच्या आत काळा थर धरलेला असतो, बाहेर नसतो. आणि मानेच्या टोकाला बहुधा जाडसर कडे असते, दांडी खोचताना माती फुटू नये म्हणून. या तीन खुणा एकत्र दिसल्या तर ती चिबूकच समजावी.

साचा आणि कातण

चिबुकीची वाटी चाकावर घडवीत नसत. आमच्या मंडळींनी चित्र पाहून पटकन सांगितले, "ही तर करंजीच्या साच्यात केल्यासारखी दिसते." अगदी खरे. साचा दोन पाळ्यांचा असे. माती दोन्ही पाळ्यांत दाबायची, पाळ्या मिटायच्या, सुकत आली की बाहेर काढायची. दोन पाळ्या जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उठते. कारागीर ती चाकूने खरवडून घासून टाकी, तरी वाटीच्या पोटाखाली ती पुष्कळदा बोटाला लागते.

नंतर नक्षी. करंजीची कड कापायचे आपले कातण असते ना, तसेच दात्यांचे लहान चाक ओल्या मातीवर फिरवीत. त्याने ठिपक्यांच्या ओळी उठत. कुठे लहान ठसे दाबून फुले, पाने काढीत. मग गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणीत. काही कारागीर मानेवर आपला शिक्का मारीत. शिक्क्यात कधी फूल असते, कधी अरबी अक्षरांत नाव. इस्तंबूलमधील तोफाने हा भाग लाल घोटीव चिबुकींसाठी प्रसिद्ध होता आणि तिथल्या मालाला दूरदूर मागणी असे. पण प्रत्येक प्रांताचे कुंभार आपापल्या मातीत, आपापल्या हाताने त्याच वस्तूची नक्कल करीत. येमेनमधील झबीद येथे कॅनडाच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमच्या मंडळींनी बरीच वर्षे काम केले. तिथे मिळालेल्या चिलमींचा जवळच्या हैस गावच्या मातीकामाशी संबंध लावता आला. एडनला नोकरी केलेल्यांच्या घरांत ही नावे कदाचित ऐकिवात असतील. एडन १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते.

वय कसे ठरते

आता मुख्य गोष्ट. या क्षुल्लक तुकड्याला अभ्यासक इतके महत्त्व का देतात?

कारण तंबाखू ही आपल्या जगात उशिरा आली. ती मूळची अमेरिकेची. युरोपी जहाजांनी ती पूर्वेकडे आणली. आपल्या देशात ती पोर्तुगिजांमुळे पसरली. अकबराचा सरदार असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परत गेला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित हुक्का बादशहापुढे ठेवला, आणि दरबारी वैद्य नाके मुरडू लागले. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूला बंदी केली. तिकडे तुर्की सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये तर मृत्युदंडाची शिक्षा लावली. बंदी कुठेच टिकली नाही. पण या तारखांवरून एक पक्की गोष्ट कळते. तंबाखूची चिलीम ज्या थरात पडली, तो थर साधारणपणे १६०० च्या नंतरचा.

थर म्हणजे काय, हे ज्यांनी शेणाने जमीन सारविली आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. दर आठवड्याला एक सारवण, त्यावर पुढचे. एखादा मणी सारवणात दबला तर तो त्याच आठवड्याचा, खालचा नव्हे की वरचा नव्हे. जमिनीतले थर असेच. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. पडक्या भिंतीच्या पायाखाली चिलीम सापडली, तर भिंत चिलमीनंतर बांधली हे उघड आहे. शिलालेख नाही, नाणे नाही, अशा ठिकाणी मातीचा हा तुकडा साक्ष देतो.

त्याहून बारीक हिशेबही लागतो. आधीच्या काळात तंबाखू महाग होती, म्हणून चिबुकीची वाटी चिमुकली, जेमतेम बोटाचे टोक जाईल एवढी, आणि दांडीचे भोकही अरुंद. १७ व्या शतकातल्या अशा वाट्या बहुधा पांढुरक्या किंवा राखी मातीच्या असतात. पुढे तंबाखू स्वस्त झाली, वाटी मोठी झाली, मान जाड झाली. १८ व्या आणि १९ व्या शतकांत लाल, तपकिरी, घोटीव वाट्या दिसतात. काही कमळासारख्या उमललेल्या, काहींच्या तळाशी सपाट चकती. ही क्रमवारी लावण्याचे मोठे काम जॉन हेज यांनी इस्तंबूलच्या मालावरून १९८० मध्ये आणि रिबेका रॉबिन्सन यांनी ग्रीसमधील कॉरिंथ व अथेन्सच्या मालावरून १९८५ मध्ये छापले. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेट आली आणि चिबूक मागे पडली.

युरोपी पांढऱ्या दांड्यांचा हिशेब आणखी गमतीचा आहे. हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाच्या लक्षात आले की काळ पुढे जातो तसे दांडीतले भोक बारीक होत जाते. त्याने १९५४ मध्ये कोष्टक छापले. सर्वांत जुन्या दांड्यांचे भोक इंचाचा ९ चौसष्टांश, आणि १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात ते ४ चौसष्टांश. एका तुकड्यावरून काही ठरत नाही, पण शंभर तुकडे मोजले तर काळ बराच जवळ येतो. हा हिशेब मात्र तुर्की चिबुकीला लागू करू नये. तिथे उलट आहे, भोक मोठे होत जाते.

जेद्दाचा बाजार

अरबस्तानात ही सगळी साधने कशी वापरीत, याचे चांगले वर्णन योहान बुर्कहार्ट या स्विस प्रवाशाने केलेले आहे. तो जुलै १८१४ मध्ये जेद्दाला उतरला. त्याने मुख्य रस्त्यावरची दुकाने चक्क मोजून लिहून ठेवली. कॉफीची २७ दुकाने आणि तंबाखूची ३१. तंबाखूच्या दुकानात शामची आणि मिसरची तंबाखू, हुक्क्याची वेगळी तंबाखू, चिलमी, हुक्क्याच्या लवचिक नळ्या, नारळ, कॉफीचे दाणे, साबण, बदाम, मनुका, असा सगळा माल असे. हुक्क्याच्या तंबाखूला तिथे तुम्बाक म्हणत. आपल्या तंबाखूचाच तो भाऊ.

त्याने हुक्क्याचे तीन प्रकार सांगितले. मोठ्या घरात तिवईवर ठेवलेला शोभिवंत हुक्का. त्याहून लहान, लांब नळीचा, तो शीशा. आणि तिसरा बूरी. नुसत्या नारळाची करवंटी, तिच्यात पाणी आणि नळीऐवजी जाड बोरू. हा गरिबांचा आणि तांबड्या समुद्रावरच्या सगळ्या खलाशांचा सोबती होता, असे तो म्हणतो.

वाचकहो, हे वाचून आम्हांला आपली नारळाची गुडगुडी आठवली. नारळ जेद्दाच्या बाजूला पिकत नाही. तो बाहेरून येई, आपल्या बाजूच्या किनाऱ्यांवरून येई. आणि शब्दही त्याच्याबरोबर गेला. संस्कृत नारिकेल, त्याचे फारसीत नार्गील, त्यावरून हुक्क्याचे नाव नार्गिला. आपली नातवंडे शुक्रवारी रात्री मित्रांबरोबर बाल्कनीत नार्गिला पेटवून बसतात आणि आपल्याला ते आवडत नाही. न आवडावे हेच बरे, धूर कोणाच्याच छातीला चांगला नाही. पण त्यांना एवढे जरूर सांगावे की या शब्दात आपला नारळ आहे.

जेद्दाच्या बाजाराआधी काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट बुर्कहार्टनेच नोंदविली आहे. १८०३ मध्ये सौद घराण्याच्या फौजा मक्केत आल्या. त्यांच्या मताने तंबाखू निषिद्ध. घरांतून आणि कॉफीखान्यांतून हुक्के गोळा करून त्यांचा ढीग रचला आणि जाळला. पुढे मिसरच्या फौजांनी जेद्दा आणि मक्का परत घेतल्यावर दीडेक वर्षातच तंबाखूची ३१ दुकाने मोजण्याजोगी उघडी होती. लाकूड, बोरू, करवंटी, चामडे जळून जाते. भाजलेली माती आगीला घाबरत नाही, ती आधीच भट्टीतून आलेली असते. म्हणून माणसांच्या सवयींची साक्ष शेवटी तीच देते.

बुडालेली गलबते

शेजाऱ्यांच्या नातवाला तुकडा मिळाला त्या किनाऱ्यापुढचा समुद्र प्रवाळाच्या खडकांनी भरलेला आहे. जेद्दाहून सुवेझकडे जाणारी गलबते त्या खडकांवर पुष्कळदा आपटली. उम्म लज या गावाजवळ १८ व्या शतकातले असे एक बुडालेले गलबत आहे. नेपल्स येथील विद्यापीठाच्या आणि सौदी पुरातत्त्व खात्याच्या मंडळींनी मिळून २०१५ पासून त्याची पाहणी केली. मातीच्या सुरया आणि चिनी मातीची भांडी समुद्राच्या तळाशी तशीच होती.

समोरच्या मिसरच्या किनाऱ्यावर सदाना बेटापाशी त्याचेच भावंड म्हणावे असे गलबत सापडले. ते सुमारे ५० मीटर लांबीचे होते आणि १७६५ च्या सुमारास बुडाले. त्याचे उत्खनन १९९५ ते १९९८ या काळात झाले. त्यात चिनी मातीची भांडी होती, कॉफी होती, मसाल्याचे जिन्नस होते, नारळ होते आणि मातीच्या चिलमीही होत्या. चिनी भांडी कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्यासाठी चालली होती, हे सहज समजते. पण अशा गलबतावर वापरलेली, आत काळी झालेली चिलीम मिळाली, तर ती कोणाची? ती विकायचा माल नव्हे. ती कोणा तांडेलाची, खलाशाची किंवा यात्रेकरूची. त्याचे नाव कुठल्याही वहीत नाही. त्याच्याविषयी बोलणारी तेवढी एकच वस्तू.

जेद्दा शहरातही अलीकडे मोठे काम झाले. जुने जेद्दा २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आले. त्यानंतर तिथल्या चार जागी केलेल्या उत्खननांचा तपशील २०२४ मध्ये जाहीर झाला. जवळजवळ २५,००० तुकडे, त्यांत ११,००० हून अधिक मातीच्या भांड्यांचे आणि जवळजवळ तितकीच जनावरांची हाडे. उस्मान बिन अफ्फान मशिदीत आबनूस लाकडाचे खांब मिळाले, त्या लाकडाचे मूळ सिलोनमध्ये निघाले. वर्तमानपत्रांनी अर्थात खांबांविषयी लिहिले. पण अभ्यासक त्या हजारो खापऱ्याही एकेक करून धुतात, मोजतात, वजन करतात. थरांचा हिशेब त्यांच्यावरच लागतो.

तुकडा सापडला तर

आता त्या मुलाकडे वळतो. आमचे उत्तर जाण्याआधीच त्याने तुकडा उचलून रुमालात बांधला होता. सुटीवर गावी येताना आणून आजोबांच्या तसबिरीखाली ठेवायचा त्याचा बेत होता. हेतू चांगला, त्यात शंका नाही. आम्हांला त्याला थांबवावे लागले आणि ते जड गेले, कारण त्याने आमच्याच आठवणींपायी तो उचलला होता.

आम्ही त्याला असे समजाविले. चराच्या कडेला होता तोवर तो तुकडा बोलत होता : अमुक खोलीवर, अमुक भिंतीपाशी, राखेच्या थरात किंवा वाळूत. रुमालात बांधला की तो मुका झाला. मग तो नुसता जुना तुकडा, असे हजारो आहेत. शिवाय सौदी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली पुरावस्तू सरकारच्या मालकीची असते. परदेशी मजुराच्या पेटीत ती सापडली तर नोकरीवर बेतेल.

त्याने ऐकले. चित्रावरून जागा ताडून तुकडा पुन्हा तिथेच ठेवला, शेजारी नाणे ठेवून दुसरे चित्र काढले आणि आपल्या साहेबामार्फत हेरिटेज कमिशनला कळविले. सौदी सांस्कृतिक मंत्रालयाचे हे खाते २०२० मध्ये स्थापन झालेले आहे. पुढे काय झाले ते त्याला अद्याप कळलेले नाही, आणि तेही ठीकच आहे.

आपल्याकडेही रीत हीच ठेवावी. इस्राएलच्या १९७८ च्या कायद्याप्रमाणे १७०० पूर्वीची मानवनिर्मित वस्तू ही पुरावस्तू. ती सापडल्यास १५ दिवसांच्या आत रशुत हा-अतिकोत या खात्याला कळवावे लागते. बहुतेक चिबुकी १७०० नंतरच्या निघतात हे खरे. पण नातवाच्या हातातली वाटी १७ व्या शतकातली की १९ व्या, हे जागच्या जागी कोण सांगणार? तेव्हा हे लक्षात ठेवावे :

तुकडा हलवू नये. जागेवर असतानाच चित्र काढावे, शेजारी एखादे नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. एक चित्र जवळून, एक दुरून, आजूबाजूची भिंत किंवा झाड दिसेल असे. जागा, तारीख, खोली लिहून ठेवावी. आधीच उचलला गेला असेल तर धुऊ नये आणि आतली काजळी खरवडू नये. त्या काजळीतून तंबाखू होती की दुसरे काही, हे प्रयोगशाळेत कळू शकते. फुटला असेल तर गोंदाने चिकटवू नये. आणि बाजारात कोणी अशी चिबूक विकावयास आणली तर घेऊ नये. घेणारा असतो म्हणूनच खणणारा रात्री फावडे घेऊन जातो.

आपल्याकडे उरलेले काम

शेवटी एक गोष्ट सांगतो, ती आम्हांला त्या मुलामुळेच कळली. आम्ही त्याला लिहिले, "आसपास गोल गुळगुळीत खडा दिसतो का बघ." त्याने विचारले, "खडा कशाला?" आजोबांच्या ओट्यावर वाढलेल्या मुलाला चिलमीतला खडा माहीत नव्हता. छापी हा शब्दही त्याने ऐकलेला नव्हता. त्याचा दोष नाही. चिलीम घरातून गेली तेव्हा तिच्याबरोबर खडा गेला, छापी गेली, आणि त्यांची नावेही जाऊ लागली. तुर्की चिबुकीला खडा लागत नाही, ही आमची चूक. पण देशी चिलीम जिथे ओढीत अशा जागी कोणी उद्या उत्खनन केले आणि एक लहान घासलेला गोटा निघाला, तर तो नुसता गोटा म्हणून टाकून दिला जाईल. त्याचा उपयोग सांगणारी माणसे आपल्या वयाची आहेत, आणि दर वर्षी कमी होत आहेत.

हीच गोष्ट घाण्याची, उखळाची, पाट्याची, माळ्यावरच्या रांजणाची. खणणारे पंडित मातीचे वय सांगतील, भट्टीची उष्णता सांगतील. पण वस्तू हातात कशी धरीत, कोण आधी ओढी, कोणापुढे लपवीत, शुक्रवारी संध्याकाळी ती कुठे ठेवीत, हे माती सांगत नाही. ते आपण सांगावयाचे.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. या शब्बाथनंतर एक कागद घ्या. आपल्या गावच्या घरातली मातीची एक वस्तू आठवा. तिचे नाव मराठीत लिहा, तिचे भाग लिहा, ती कशी वापरीत ते लिहा, जमल्यास चित्र काढा. चित्र वाकडे आले तरी चालेल. गावाचे नाव आणि साधारण साल घाला. कागद नातवाकडे द्या आणि त्याला हिब्रूत उतरवून घ्यायला सांगा. त्याला अर्थ विचारावा लागेल, तुम्हांला सांगावा लागेल, आणि तेवढ्यात अर्धे काम होऊन जाईल.

शेजाऱ्यांच्या नातवाला आम्ही दोन कागद पाठविले आहेत, ठाण्यामार्फतच. एकावर चिलमीचे चित्र आहे, खडा आणि छापी दाखविलेले. दुसऱ्यावर त्याच्या आजोबांचा ओटा आम्हांला आठवतो तसा काढला आहे, निखाऱ्याची जागा दाखवून. तसबिरीखाली हे कागद ठेवावेत असे आम्ही त्याला लिहिले. त्याने ठेवतो म्हणून कळविले आहे.